पटलाची कसोटी आता निवडक्षमतेवर

शहरातील असंख्य घरांत ओट्याजवळच्या भिंतीवर आरओ यंत्र टांगलेले असते. त्यात जेमतेम वीतभर लांबीची एक गुंडाळी असते. ठरावीक काळाने कंपनीचा माणूस येतो, ‘मेम्ब्रेन गेली’ असे सांगतो आणि गुंडाळी बदलून जातो. कुटुंबाचा या वस्तूशी संबंध येतो तो एवढाच. पण त्या गुंडाळीत लपेटलेल्या पातळ पटलाने गेल्या साठ वर्षांत समुद्राचे पाणी पिण्याजोगे केले, मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे रक्त स्वच्छ करणारी यंत्रे शक्य केली आणि कारखान्यांत वायू वेगळे करण्याचा एक स्वस्त मार्ग दाखवला. पटलांचे हे शास्त्र आता एका वळणावर आले आहे. पटलातून पदार्थ किती वेगाने जातो, हा प्रश्न आजवर महत्त्वाचा मानला गेला. यापुढे पटल किती अचूकपणे निवड करते यावर भर दिला पाहिजे, असे या क्षेत्रातील अनेक संशोधक सांगू लागले आहेत. ब्रिटनमधील काही विद्यापीठांनी मिळून चालवलेला संशोधन कार्यक्रम याच विचारावर उभा आहे.

या कार्यक्रमाचा पहिला टप्पा २०१५ मध्ये ‘सिनफॅबफन’ या काहीशा गमतीदार नावाने सुरू झाला. संश्लेषण, निर्मिती आणि कार्य या अर्थांच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनले आहे. नेतृत्व न्यूकॅसल विद्यापीठातील प्रा. इयन मेटकाफ यांच्याकडे होते आणि बाथ, मँचेस्टर, एडिंबरा व लंडनचे इम्पीरियल कॉलेज त्यात सहभागी होते. पैसा आला तो अभियांत्रिकी व भौतिक विज्ञान संशोधनाला निधी देणाऱ्या तेथील सरकारी परिषदेकडून. त्याचा पुढचा टप्पा २०२२ मध्ये ‘सिनहायसेल’ या नावाने सुरू झाला. त्याची धुरा बाथ विद्यापीठातील प्रा. दाविदे मात्तिया यांच्याकडे आली आणि लंडनचे क्वीन मेरी विद्यापीठही त्यात सामील झाले. अधिक निवडक्षम पटलांचे संश्लेषण हा उद्देश नावातच गुंफलेला आहे.

एवढी विद्यापीठे एकत्र का यावी लागली, हे समजण्यासाठी पटलांचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

सौरीराजन यांचा पापुद्रा

अमेरिकेत १९५० च्या दशकात समुद्राच्या पाण्यातून मीठ काढण्यासाठी सरकारी पाठबळाने संशोधन चालू होते. सेल्युलोज अॅसिटेटचा पापुद्रा मीठ अडवतो हे ठाऊक झाले होते. मात्र त्यातून पाणी इतके संथ झिरपे की त्याचा व्यवहारात उपयोग नव्हता. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९५९-६० च्या सुमारास यावर तोड काढली. त्यांनी बनवलेल्या पटलाची वरची त्वचा अत्यंत पातळ व घट्ट होती आणि तिच्याखालचा थर स्पंजासारखा सच्छिद्र होता. गाळण्याचे काम त्वचा करी, तर दाब सोसण्याचे काम खालचा थर करी. पाण्याचा प्रवाह पूर्वीच्या पटलांच्या सुमारे दहापट झाला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा या लहान गावात या तंत्रावर चालणारे सार्वजनिक पाणीपुरवठ्याचे संयंत्र उभे राहिले.

दुसरी मोठी झेप १९७० च्या दशकाअखेर जॉन कॅडॉट यांनी घेतली. पाण्यात विरघळलेले एक रसायन आणि तेलकट द्रावकात विरघळलेले दुसरे रसायन एकमेकांना भिडवले, की दोन द्रवांच्या सीमेवर क्षणार्धात पॉलिअमाइडचा थर तयार होतो. हा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. माणसाचा केस त्याच्या काही शे पट जाड असतो. आज घरोघरीच्या आरओ यंत्रापासून समुद्रकाठच्या महाकाय प्रकल्पांपर्यंत सर्वत्र मूलतः हाच थर वापरला जातो. चाळीसहून अधिक वर्षे एकच रसायन एखाद्या उद्योगावर राज्य करते, असे उदाहरण विरळाच.

वेगाचे गणित कोठे अडले

या थरातून अधिक पाणी कसे जाईल यासाठी जगभर प्रचंड संशोधन झाले. कार्बनच्या सूक्ष्म नळ्या, ग्राफीन, पेशींमध्ये पाणी वाहून नेणारी प्रथिने असे अनेक प्रयोग झाले. प्रत्येक वेळी ‘दहापट वेगवान पटल’, ‘शंभरपट वेगवान पटल’ असे मथळे झळकले. पण समुद्राच्या पाण्याबाबत विजेचा हिशेब मांडला की या मथळ्यांची हवा निघून जाते.

साधारण ३५ हजार पीपीएम क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्यातील निम्मे पाणी गोडे करायचे असेल, तर निसर्गनियमानुसार दर हजार लिटरमागे किमान १.०६ युनिट वीज लागतेच. जगातले कोणतेही पटल या मर्यादेखाली जाऊ शकत नाही. १९७० च्या सुमारास प्रत्यक्षात १५ युनिटांच्या आसपास वीज लागत असे. आज चांगल्या संयंत्रात गाळण्याच्या टप्प्याला सुमारे दोन युनिटे पुरतात. समुद्रातून पाणी खेचणे, ते आधी स्वच्छ करणे व शेवटी पुरवठ्यायोग्य बनवणे हे धरले तर एकूण खर्च तीन ते चार युनिटांपर्यंत जातो. म्हणजे पटलाच्या वाट्याला वाचवण्यासारखे आता फारसे उरलेले नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये हे गणित मांडले. पटलाची पारगम्यता तिप्पट झाली, तरी समुद्राच्या पाण्याच्या संयंत्रातील विजेची बचत सुमारे १५ टक्केच होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

उलट, निवडीतील त्रुटी महागात पडते. याचे उत्तम उदाहरण बोरॉनचे. समुद्राच्या दर लिटर पाण्यात साधारण साडेचार ते पाच मिलिग्रॅम बोरॉन असते आणि ते मुख्यतः बोरिक आम्लाच्या रूपात असते. मिठाच्या कणांवर विद्युतभार असतो, म्हणून पॉलिअमाइडचे पटल त्यांना ९९ टक्क्यांहून अधिक अडवते. बोरिक आम्लाचा रेणू लहान आणि भाररहित. तो पाण्याच्या रेणूंच्या गर्दीत मिसळून बराचसा पलीकडे निसटतो. पिण्याच्या पाण्यात त्याचा फारसा उपद्रव नसला, तरी लिंबूवर्गीय झाडांना तो सोसत नाही. इस्रायलमध्ये निःक्षारित पाणी वापरानंतर शुद्ध करून शेतीला दिले जाते. त्यामुळे २००५ मध्ये सुरू झालेल्या अश्केलॉन संयंत्रावर बोरॉनची मर्यादा लिटरला ०.४ मिलिग्रॅम अशी कडक घालण्यात आली. ती पाळण्यासाठी पाण्याची अल्कता वाढवून त्यातील काही भाग पुन्हा पटलांमधून काढावा लागतो. एका चिमुकल्या रेणूसाठी यंत्रांची आणखी एक रांग, अधिक रसायने आणि अधिक वीज!

गंमत अशी, की हेच पटल दुसऱ्या बाजूने गरजेपेक्षा जास्त काटेकोर आहे. पिकांना हवे असलेले मॅग्नेशियमही ते जवळजवळ पूर्ण काढून टाकते. नको ते जाऊ देणारे आणि हवे ते अडवणारे पटल कितीही वेगवान असले, तरी उपयोग मर्यादितच. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे मेनाकेम एलिमेलेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एका लेखात याच मुद्द्यावर बोट ठेवले. निःक्षारीकरणाला निवडक्षमतेची गरज आहे, अधिक पारगम्यतेची नाही, असे त्यांनी स्पष्टपणे लिहिले.

दोन्ही एकदम मिळत नाहीत

मग अधिक निवडक्षम पटल बनवायला अडचण काय? अडचण जुनी आणि मुळातली आहे. वायू वेगळे करणाऱ्या पॉलिमर पटलांची उपलब्ध माहिती गोळा करून लॉइड रोबसन यांनी १९९१ मध्ये एक आलेख काढला. एका अक्षावर पारगम्यता, दुसऱ्यावर निवडक्षमता. एक वाढली की दुसरी घटते आणि सारे बिंदू एका तिरप्या रेषेच्या खाली राहतात, हे त्यात दिसून आले. ही ‘वरची मर्यादा’ ओलांडणे हा तेव्हापासून रसायनशास्त्रज्ञांचा ध्यास झाला. २००८ मध्ये रोबसन यांनीच ती रेषा थोडी वर सरकवली, कारण दरम्यान नवे पदार्थ हाती आले होते.

त्यांतला एक महत्त्वाचा पदार्थ मँचेस्टरचा. पीटर बड आणि नील मॅकिऑन यांनी २००४ मध्ये ‘पिम-१’ नावाचे पॉलिमर जाहीर केले. नेहमीच्या पॉलिमरच्या साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींवर बसतात. पिमच्या साखळ्या ताठ आणि जागोजागी वाकड्या असतात. त्यांना नीट रचून बसताच येत नाही आणि मधे पोकळ्या उरतात. अशा पदार्थाच्या एका ग्रॅममधील आतील पृष्ठभाग सातशे चौरस मीटरहून अधिक भरतो. त्यातून वायू झपाट्याने जातात. मात्र हा पदार्थ म्हातारा होतो. काही महिन्यांत साखळ्या हळूहळू आत खचतात, पोकळ्या मिटत जातात आणि वेग उतरतो. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी काढलेला आकडा आणि कारखान्यात वर्षभरानंतर मिळणारा आकडा यांत पडणारी ही तफावत कोणा एका रसायनशास्त्रज्ञाच्या आवाक्यातली नाही. साखळी घडवणारा, तिचा पातळ थर ओढणारा, त्या थरातून रेणू कसा सरकतो याचे संगणकीय गणित मांडणारा आणि अखेर त्याचे यंत्र बनवणारा, असे सगळेच एका टेबलाशी बसावे लागतात. ब्रिटिश विद्यापीठांनी एकत्र येण्याचे खरे कारण हे आहे.

न्यूकॅसलच्या गटाचे काम अगदी वेगळ्या पदार्थांवर आहे. त्यांचे पटल घन पॉलिमरचे नाही. सच्छिद्र आधारात वितळलेले कार्बोनेट क्षार धरून ते तयार केले जाते. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के. इतका विरळ वायू वेगळा काढून घट्ट करायला बरीच ऊर्जा लागते. २०२४ मध्ये मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर एनर्जी’ या नियतकालिकात दाखवून दिले, की पटलाच्या दोन बाजूंच्या आर्द्रतेतील फरकाचा वापर करून हा वायू कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे ढकलता येतो. ओलाव्याच्या उतारावर कार्बन डायऑक्साइडला चढ चढायला लावण्याचा हा प्रकार आहे. पटलाला तप्त ठेवावे लागते, हे अर्थातच विसरून चालणार नाही.

औषधे आणि कच्चे तेल

निवडक्षमतेला खरा भाव मिळतो तो पाण्याबाहेर. अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या डेव्हिड शॉल आणि रायन लाइव्हली यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये केलेल्या मांडणीनुसार, अमेरिकेतील उद्योगांच्या एकूण ऊर्जावापरापैकी जवळपास निम्मी ऊर्जा मिश्रणातून पदार्थ वेगळे करण्यात खर्च होते. त्यातला मोठा वाटा ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे उकळून वाफ वेगळी करण्याचा. जगभरचे कच्चे तेल उकळण्यासाठी सतत सुमारे २३० गिगावॉट ऊर्जा जळते, असा त्यांचा अंदाज होता. न उकळता गाळून वेगळे करता आले, तर यातली बरीचशी वाचेल.

तेल किंवा द्रावकात पॉलिमर फुगतो, मऊ पडतो, कधी विरघळतोही. त्यामुळे हे क्षेत्र बराच काळ मागे राहिले. तरीही १९९८ मध्ये टेक्सासमधील बोमाँट येथील शुद्धीकरण कारखान्यात वंगणतेलातील मेण काढताना लागणारे द्रावक परत मिळवण्यासाठी पॉलिइमाइडची पटले बसवण्यात आली आणि मार्ग असल्याचे सिद्ध झाले. लंडनमध्ये या विषयाचा पाठपुरावा अँड्र्यू लिव्हिंग्स्टन यांनी केला. इम्पीरियल कॉलेजमधून निघालेली त्यांची कंपनी २०१० मध्ये जर्मनीच्या इव्होनिकने घेतली. आता ते क्वीन मेरी विद्यापीठात आहेत. पॉलिअमाइडच्या पातळ, पाण्याऐवजी तेलाशी सलगी करणाऱ्या थरातून कच्च्या तेलातील हलके घटक वेगाने गाळता येतात, हे त्यांच्या गटाने २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले.

या गटाच्या २०१५ च्या गाजलेल्या कामाचा धागा भारताशी जोडलेला आहे. त्या वेळी इम्पीरियलमध्ये असलेले संतनू करण हे त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक. कॅडमियम हायड्रॉक्साइडच्या तंतूंच्या तात्पुरत्या गादीवर त्यांनी पॉलिअमाइडचा थर वाढवला आणि मग आम्लाने ती गादी विरघळवून टाकली. उरलेला पापुद्रा दहा नॅनोमीटरहूनही पातळ होता, तरी दाबाखाली टिकला. करण आता भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत पटलांवरच काम करतात.

औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या पदार्थांत वजनाने मोठा वाटा द्रावकांचा असतो. ते परत मिळवण्यासाठी बहुतेक ठिकाणी आजही उकळणे हाच उपाय आहे. उष्णता सोसत नाही असे नाजूक औषधी रेणू गाळून वेगळे करता आले तर इंधन वाचेलच, शिवाय मालही वाया जाणार नाही. तारापूर, महाड, पाताळगंगा या पट्ट्यातील औषध व रसायन कारखान्यांना सांडपाणी आणि इंधन या दोन्हींची चिंता आहे. त्यांच्या दृष्टीने पटलांचे हे अंग पिण्याच्या पाण्याइतकेच जवळचे आहे.

टिकलीएवढे आणि चाळीस इंचांचे

शोधनिबंधातील पटल बहुधा टिकलीएवढे किंवा टपाल तिकिटाएवढे असते. कारखान्यात लागणारी प्रमाणित गुंडाळी आठ इंच व्यासाची, चाळीस इंच लांबीची असते आणि तीत सुमारे ३७ चौरस मीटर पटल बसते. मोठ्या निःक्षारीकरण प्रकल्पात अशा हजारो गुंडाळ्या असतात. एवढ्या क्षेत्रात एकही छिद्र नसलेला, शंभर नॅनोमीटरचा सलग थर यंत्रावर मीटरमागून मीटर ओढणे हे खरे आव्हान आहे. पटल जितके पातळ आणि जितके निवडक्षम, तितके एक सूक्ष्म छिद्र अधिक घातक.

याबाबत मोन्सँटो कंपनीची गोष्ट अभ्यासकांत अजूनही सांगितली जाते. हायड्रोजन वेगळा करणारी पोकळ धाग्यांची पटले बनवताना त्यांना छिद्ररहित धागे जमेनात. जे हेनिस आणि मेरी ट्रायपोडी यांनी छिद्रे टाळण्याचा नाद सोडला आणि धाग्यांवर सिलिकॉन रबराचा पातळ लेप दिला. छिद्रे बुजली, धाग्याचा मूळ गुण कायम राहिला आणि १९८० च्या सुमारास वायू वेगळे करणारी पटले प्रथमच मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. रसायनाइतकीच कारागिरीही या क्षेत्रात निर्णायक ठरते, ती अशी.

उद्योग व विद्यापीठे एकत्र आली की काय साधते याचा दाखला अमेरिकेतही आहे. पेन स्टेट, ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ, आयोवा स्टेट आणि ड्यूपाँट यांच्या संशोधकांनी २०२१ मध्ये कारखान्यातील पॉलिअमाइडची त्रिमितीय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी चित्रे घेतली. थर जाड असला तर पाणी संथ जाते ही समजूत त्यात खोटी ठरली. जाड पण आतून एकसारख्या घनतेच्या थरातून पाणी अधिक सहज जात होते. घनता कमी-जास्त असली की घट्ट ठिकाणी वाट अडत होती.

चाळीस वर्षे वापरात असलेल्या वस्तूविषयी अजून एवढे अज्ञान असावे, याचे नवल वाटते. पण वाद त्याहूनही खोल गेला आहे. पाण्याचे रेणू पॉलिमरमध्ये विरघळून एकेकटे पलीकडे झिरपतात, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. २०२३ मध्ये एलिमेलेक यांच्या गटाने प्रयोग व संगणकीय प्रतिकृतींच्या आधारे हे स्पष्टीकरण नाकारले. पाणी सूक्ष्म छिद्रांतून दाबाच्या फरकाने समूहाने वाहते, असे त्यांचे म्हणणे. सर्वांना ते मान्य नाही. मात्र निवडक्षम पटल घडवायचे तर रेणू आत नेमका कसा चालतो हे ठाऊक असायला हवे, त्यामुळे हा वाद केवळ पुस्तकी राहत नाही.

आणखी एक अडचण जरा ओशाळवाणी आहे. पर्यावरणरक्षणासाठी वापरली जाणारी ही पटले बनवताना डायमिथाइल फॉर्मामाइड, एन-मिथाइल पायरोलिडोन असे आरोग्याला घातक द्रावक वापरले जातात. युरोपीय संघाने दोन्हींवर निर्बंध घातले आहेत. मुदत संपलेल्या गुंडाळ्या बहुतांशी कचऱ्यातच जातात.

आपल्याकडे काय

भारतात हा विषय नवा नाही. भावनगरच्या संस्थेत पटलांवर अनेक दशके काम चालले आहे. आपत्तीच्या ठिकाणी पिण्याचे पाणी देणारी आरओ बस तिथलीच. भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे उभारलेल्या प्रकल्पात पटले आणि ऊर्ध्वपातन या दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या गेल्या आणि त्याची रोजची क्षमता ६३ लाख लिटर ठेवण्यात आली. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० मध्ये रोज दहा कोटी लिटर क्षमतेचे संयंत्र सुरू झाले. मुंबईत मनोरीच्या प्रकल्पाची चर्चा कित्येक वर्षे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर पटलांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. मुंबईच्या आयआयटीत जयेश बेल्लारे यांच्या गटाने डायलिसिससाठी पोकळ धाग्यांची पटले विकसित केली. निवडक्षमता म्हणजे काय, हे डायलिसिसइतके नेमके दुसरीकडे कळत नाही. युरिया बाहेर गेला पाहिजे आणि अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तातच राहिले पाहिजे. यात चूक झाली, तर किंमत रुग्ण मोजतो.

घरगुती आरओचा प्रश्नही अखेर निवडीचाच आहे. मुळात फारसे क्षार नसलेल्या पाण्यातूनही ही यंत्रे सरसकट सारे काढून टाकतात आणि त्यासाठी बरेच पाणी मोरीत सोडतात. एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे आरओ वापरू नये, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला होता. विहिरीच्या पाण्यातले फ्लोराइड किंवा आर्सेनिक तेवढे अडवून बाकीचे खनिज पाण्यातच ठेवणारे, कमी दाबावर चालणारे आणि गावातल्या पंपावर पाच वर्षे टिकणारे पटल कोणी स्वस्तात बनवले, तर त्याला गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही. सध्या तरी ओट्यावरच्या यंत्रात कॅडॉट यांचाच जुना पापुद्रा आहे.